केडगावच्या रमाबाई

पुण्याहून दौंडला आजोळी जाताना लहानपणी वाटेत केडगाव स्टेशन लागायचे. पॅसेंजर तिथे थांबली की आजी खिडकीबाहेर बोट करून सांगायची, की इथे रमाबाईंचे मुक्ती आहे. सांगताना ती आवाज खाली आणायची. कौतुक करावे की नाही, याचा तिचा निर्णय झालेला नसावा. अनाथ पोरीबाळींना त्यांनी आसरा दिला हे ती सांगायची, आणि लगेच त्या ख्रिस्ती झाल्या हेही सांगायची. गाडी सुटली की विषय संपायचा.

माझ्यासाठी तो विषय पुन्हा सुरू झाला तो इथे, यूएईत. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी शारजात आमच्या ओळखीच्यांकडे गणपतीची आरती होती. प्रसाद घेऊन सगळे निघाले, पण कोपऱ्यात बसलेली एक बाई काही उठेना. मराठी बोलणे कानावर पडले म्हणून ती लोकांच्या मागोमाग वर आली होती. बोलता बोलता कळले, की ती बीडकडची, ऊसतोडीच्या घरातली. लहानपणी आईवडिलांबरोबर फडावर, लग्नानंतर नवऱ्याबरोबर कोयता घेऊन पुन्हा फडावर. मुकादमाची उचल आईच्या डोक्यावर होती, तीच पुढे हिच्या डोक्यावर आली. त्याच मुकादमाच्या नात्यातल्या एकाने दुबईत दवाखान्यात आयाचे काम देतो म्हणून सांगितले आणि व्हिजिट व्हिसावर इथे आणले. दवाखाना नव्हताच. एका घरात पहाटेपासून रात्रीपर्यंत काम, पासपोर्ट काढून घेतलेला, सात महिने पगार नाही. एक दिवस कचरा टाकायला म्हणून खाली उतरली ती परत गेलीच नाही. पण तिचे रडणे स्वतःसाठी नव्हते. गावाकडे एजंटने घरी निरोप धाडला होता, की पैसे फिटत नसतील तर थोरल्या मुलीला पाठवा. ती तेव्हा नववीत होती.

वकिलातीच्या मदतीने, काही आठवडे निवाऱ्यात राहून, आउटपासवर ती घरी गेली. विमानतळावर सोडून येताना मला एकच प्रश्न सतावत होता. ही सुटली खरी, पण जाणार कुठे? त्याच गावात, त्याच उचलीखाली, त्याच मुकादमासमोर. त्या रात्री मला आजीचे केडगाव आठवले. पुढच्या सुट्टीत रमाबाईंवरची पुस्तके आणली आणि हळूहळू वाचून काढली. समितीने यंदा लेख मागितला तेव्हा विषय शोधावा लागला नाही. देवळाच्या स्मरणिकेत ख्रिस्ती झालेल्या बाईचे चरित्र कशाला, असे कुणाला वाटेल. मलाही आधी वाटले होते. पण वाचकहो, आपल्या भाषेतल्या ज्या बाईने हा प्रश्न सर्वांआधी मुळापासून हाताळला, तिला वगळून तो मांडायचा तरी कसा?

रमाबाई डोंगरे यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी, सह्याद्रीच्या रानात, आजच्या कर्नाटकातल्या गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री चित्पावन ब्राह्मण, मोठे संस्कृत पंडित. पेशव्यांच्या वाड्यात एका राणीसाहेबांना संस्कृत शिकताना पाहून आपल्या पत्नीनेही शिकावे असे त्यांच्या मनाने घेतले. घरच्यांनी विरोध केला, पंडितांनी जाब विचारला. ते कुणाला बधले नाहीत. घर सोडून रानात जाऊन राहिले आणि पत्नी लक्ष्मीबाईंना शिकवले. पुढे लक्ष्मीबाईंनी लेकीला शिकवले. पहाटे घरकामाला लागण्याआधी आई मांडीवर घेऊन पाठ द्यायची. पंधरा-सोळा वर्षांच्या होईपर्यंत रमाबाईंना भागवताचे हजारो श्लोक मुखोद्गत झाले होते. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढे त्यांच्या गाठीला फक्त एवढेच उरले.

अनंतशास्त्र्यांनी मुलीचे बालपणी लग्न केले नाही. कर्ज झाले, जमीन गेली. मग हे कुटुंब तीर्थयात्रा करत, देवळांच्या ओसरीवर पुराण सांगत देशभर फिरत राहिले. १८७४ साली दक्षिणेत अन्न मिळेना. रानातला पाला खाऊन दिवस काढले. त्यात वडील गेले, पाठोपाठ काही आठवड्यांत आई गेली. आईची तिरडी उचलायला माणसे मिळाली नाहीत. मोठ्या मिनतवारीने दोघे जण आले आणि भावाबहिणीने उरलेली बाजू धरली. रमाबाई ठेंगण्या, त्यांचा खांदा पुरेना, म्हणून त्यांनी आपल्या बाजूचा भार डोक्यावर घेतला. थोरली बहीणही लवकरच गेली. उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवासशास्त्री. हजारो मैल पायी चालून १८७८ साली दोघे कलकत्त्याला पोहोचले.

तिथे विद्वानांच्या सभेत या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा झाली आणि तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या मिळाल्या. या प्रसंगाबद्दल आपल्याकडे फार लिहिले जाते. मला मात्र वाटते, की खरी गोष्ट त्याआधीच्या चार वर्षांची आहे. अनाथ, उपाशी, अविवाहित, रस्त्यावरची तरुण मुलगी. अशा मुलीवर टपून बसलेली माणसे तेव्हाही कमी नव्हती. सोबतीला भाऊ होता, आणि देवळाच्या पायरीवर बसून पुराण सांगितले तर मूठभर धान्य मिळवून देणारी आईची विद्या होती. दोन्हींपैकी काहीच नसलेल्या मुलींचे काय झाले असेल, हे त्या कधी विसरल्या नाहीत.

पुढची वर्षे भराभर गेली. १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी जातीबाहेर नोंदणी विवाह केला. १८८१ मध्ये मनोरमा जन्मली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पती पटकीने गेले. पुण्यात येऊन त्यांनी आर्य महिला समाज काढला, हंटर आयोगापुढे साक्ष देऊन स्त्री डॉक्टर आणि स्त्री निरीक्षक हवेत असे मागितले. वैद्यकी शिकायला म्हणून १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या आणि त्याच सप्टेंबरात वाँटेज येथे त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. इकडे पुण्यात वीज कोसळावी तसे झाले. पण तिकडेही त्या कुणाच्या मुठीत राहिल्या नाहीत. काय मानायचे आणि काय नाही, यावर मठातल्या भगिनींशी आणि बिशपांशी त्यांनी पत्रांतून वाद घातले. मांसाहार कधी केला नाही, साडी सोडली नाही. आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी १८८६ साली त्या अमेरिकेला गेल्या आणि तिथे उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहून, गावोगाव व्याख्याने देऊन विधवांच्या शाळेसाठी पैसा उभा केला.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झाले. सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. याच गोदूबाई १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह करून आनंदीबाई कर्वे झाल्या. आपण त्यांना बाया कर्वे म्हणून ओळखतो. सदन पुढे पुण्यात आले. तिथे धर्माची सक्ती नव्हती, मुलींना आपापले व्रतवैकल्य करण्याची मुभा होती. पण रमाबाई पहाटे प्रार्थनेला बसत तेव्हा त्यांच्या खोलीचे दार उघडे असे, आणि काही मुली आत जाऊन बसू लागल्या. १८९३ साली यावरून मोठे वादळ उठले. रानडे, भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी पंचवीसेक मुली काढून नेल्या. ज्या पुण्यात त्याच सुमारास सार्वजनिक गणेशोत्सव सुरू होत होता, त्याच पुण्यात हे चालले होते. विश्वासाने मुली पाठवणाऱ्यांना फसवल्यासारखे वाटले, यात मला नवल वाटत नाही. आपली मुलगी असती तर आपल्यालाही वाटले असते. पण कर्व्यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी काढलेला आश्रम, जो पुढे हिंगण्याला गेला, तो या वादळानंतरच उभा राहिला, आणि बायांनी त्याच्यासाठी दारोदार वर्गणी गोळा केली, हेही खरे.

यानंतर रमाबाईंच्या आयुष्यातला जो भाग येतो, त्याच्यासाठी हा लेख लिहायला घेतला.

१८९५ च्या सुमारास त्या वृंदावनाला गेल्या. गेल्या त्या पंडिता म्हणून नव्हे, तर साध्या यात्रेकरू बाईच्या वेशात, धर्मशाळेत उतरून. लहानपणी आईवडिलांबरोबर त्या अनेक तीर्थे हिंडल्या होत्या, पण या वेळी त्यांनी वेगळ्याच डोळ्यांनी पाहिले. तरुण विधवा इथे पोहोचतात कशा, याचा त्यांनी माग काढला. तेव्हा त्यांना कळले, की गावोगाव फिरणारी माणसे असत. ती धार्मिक दिसत, गोड बोलत आणि घरात विधवा कोण आहे ते हेरून ठेवत. सासरी राबण्यापेक्षा देवाच्या दारी चल, पुण्य लागेल, असे समजावत. बाई जवळचे किडूकमिडूक घेऊन निघे. ते वाटेतल्या खर्चात आणि दानदक्षिणेत संपले, की तिचा मुक्काम ज्याच्या घरी असे तो मालक होई. तरुणपण सरले की तिला रस्त्यावर सोडले जाई आणि मूठभर धान्यासाठी ती दिवसभर भजन गात बसे. सर्वच पुजारी आणि सर्वच मठ असे होते असे कुणीही म्हणणार नाही. देवाच्या नावावर कुणी दुसऱ्यानेच दुकान मांडले होते. पण हे सारे देवळाच्या सावलीत चालले होते, आणि ज्यांनी बघायचे ते बघत नव्हते.

हे वाचले तेव्हा शारजातल्या त्या बाईची हकिकत मी पुन्हा आठवून पाहिली. गावातला ओळखीचा माणूस, गोड बोलणे, स्वतःच्याच पैशांनी केलेला प्रवास आणि पोहोचताच बदललेला मालक. वृंदावनाच्या जागी दुबई घातले तर बाकी काही बदलावे लागत नाही. खेळ परदेशात होत असला तरी सौदा गावातच ठरतो, हे रमाबाईंनी तेव्हा ओळखले होते.

१८९६-९७ साली मध्य प्रांतात भयंकर दुष्काळ पडला. शाळा कशीबशी सावरली होती, पैसा तुटपुंजा होता. तरी त्या निघाल्या, कारण आपणही एकदा अशाच रस्त्यावर होतो हे त्यांना आतून जाळत होते. सरकारी दुष्काळी कामांवर, अन्नछत्रांवर त्यांनी जे पाहिले ते भुकेपेक्षा वाईट होते. पोरक्या मुलींभोवती दलाल घिरट्या घालत होते. एका भाकरीवर, एका लुगड्यावर मुली उचलल्या जात होत्या. छावण्यांतल्या मुकादमांवर आणि शिपायांवरही भरवसा ठेवण्याजोगी स्थिती नव्हती. दलाल पोहोचण्याआधी आपण पोहोचायचे, एवढाच त्यांचा हिशेब होता. झाडाखाली, रस्त्याकडेला, स्टेशनावर त्या मुली गोळा करत गेल्या. त्या वर्षी सुमारे तीनशे मुली त्यांनी आणल्या. कुणाच्या अंगावर धड कपडा नव्हता, अनेक जणी रोगी होत्या, आणि काही जणी दलालांच्या हाती लागून सुटलेल्या होत्या. या शेवटच्या मुलींना सांभाळणे सर्वांत कठीण गेले. त्यांचा कुणावरच विश्वास बसत नसे, अन्न लपवून ठेवत, रात्री पळून जात. अशांसाठी पुढे कृपा सदन नावाचे वेगळे घर काढले.

तेवढ्यात पुण्यात प्लेग आला. एवढ्या मुली शहरात ठेवू नका, असा हुकूम झाला. केडगावला त्यांनी काही वर्षांपूर्वी शेतीसाठी सुमारे शंभर एकर माळरान घेऊन ठेवले होते. सगळा लवाजमा तिथे हलला. राहायला तंबू आणि झोपड्या, पाण्यासाठी स्वतः खोदलेल्या विहिरी. याच धामधुमीत त्यांच्या एका मुलीला प्लेगच्या संशयावरून पुण्याच्या सरकारी इस्पितळात नेले होते, ती परत आली नाही. तिथल्याच एका माणसाच्या तावडीत ती सापडली असे रमाबाईंना समजले. त्यांनी १८९७ मध्ये मुंबईच्या एका इंग्रजी पत्रात हे उघड लिहिले. प्रकरण विलायतेच्या पार्लमेंटपर्यंत गेले. सरकारने त्यांचे म्हणणे नाकारले. परदेशी देणग्यांवर संस्था चालवणाऱ्या एका ख्रिस्ती बाईने इंग्रज सरकारला असे जाहीरपणे विचारावे, याला छाती लागते. त्यांना इंग्रजांच्या हातातले बाहुले म्हणणाऱ्यांना हे पत्र ठाऊक नसावे.

१९०० साली गुजरात-राजपुतान्यात दुष्काळ पडला, तेव्हा केडगावहून माणसे पुन्हा निघाली. यातली बरीचशी माणसे म्हणजे पहिल्या दुष्काळात वाचवलेल्याच मुली होत्या, आता मोठ्या झालेल्या. त्या वर्षाअखेरीस मुक्तीत जवळजवळ दोन हजार जणी होत्या.

दोन हजार बायकामुलींना रोज खाऊ घालायचे म्हणजे काय, हे ज्यांनी आपल्या महाप्रसादाच्या दिवशी कढईजवळ उभे राहून पाहिले असेल त्यांना सांगायला नको. पण रमाबाईंनी केवळ अन्नछत्र घातले नाही. सकाळी शाळा आणि मग काम. हातमाग, शिवण, तेलाचा घाणा, दूधदुभते, शेती, धुलाई, स्वयंपाक आणि छापखाना. खिळे जुळवण्यापासून पुस्तक बांधण्यापर्यंत छापखाना बायकाच चालवत. आंधळ्या मुलींना मनोरमेने ब्रेल शिकवली, वेताच्या टोपल्या विणायला शिकवल्या. जी मुलगी वाचायला शिके ती दुसरीला शिकवी. कृपा सदनातल्या बायकांची लेकरे इतर मुलांबरोबर शाळेत बसत. आईचा भूतकाळ मुलांच्या नावापुढे लागू द्यायचा नाही, हा दंडक होता. जातीची पंगत नव्हती.

या सगळ्या मुली ख्रिस्ती वातावरणात वाढल्या, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. शारदा सदनातला तटस्थपणा मुक्तीत नव्हता. भुकेल्या पोराला भाकरीबरोबर धर्मही द्यावा का, हा प्रश्न तेव्हा टीकाकारांनी विचारला आणि तो रास्त आहे. माझे मन अजूनही यावर पूर्ण निवांत नाही. फक्त त्यासोबत दुसरा प्रश्नही मी स्वतःला विचारते. त्या रस्त्याने त्या दिवशी आणखी कोण चालले होते?

शेवटची वर्षे त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या मराठीत बायबल उतरवण्यात घालवली. आईने शिकवलेल्या संस्कृतवर पोसलेली ही बाई, बिनशिकलेल्या बायकांना कळावे म्हणून अवघड संस्कृत शब्द वेचून वेचून काढत होती. सरकारने १९१९ साली कैसर-ए-हिंद पदक दिले. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा गेली. जिच्या हाती सगळे सोपवायचे तीच आधी गेली. रमाबाई त्यानंतर वर्षही काढू शकल्या नाहीत. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावातच त्यांनी देह ठेवला. १९८९ साली भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले. मुक्ती आजही केडगावात आहे.

आता पुन्हा आपल्या यूएईकडे. इथे चित्र बरेच बदलले आहे. उंटांच्या शर्यतीत लहान मुलांना बसवणे २००५ साली बंद झाले. आता उंटाच्या पाठीवर यंत्रमानव दिसतो आणि आपली मुले हसतात, पण त्या जागी एके काळी पाकिस्तान, बांगलादेश, सुदानहून आणलेली पाच-सहा वर्षांची पोरे बांधलेली असत. मानवी व्यापाराविरुद्धचा केंद्रीय कायदा २००६ साली झाला. बायकामुलांसाठी २००७ मध्ये दुबईत आणि २००८ मध्ये अबू धाबीत निवारे निघाले. घरकामगारांसाठी २०१७ साली वेगळा कायदा आला, आठवड्याची सुट्टी आणि स्वतःची कागदपत्रे स्वतःजवळ ठेवण्याचा हक्क मिळाला. भारतीय कामगारांसाठीचे मदत केंद्र दुबईत नोव्हेंबर २०१० मध्ये तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते उघडले. भारतातही नियम आहेत. ज्या पासपोर्टवर परदेशी कामाला जाण्यासाठी सरकारी परवानगी लागते, त्यावर तीस वर्षांखालच्या बाईला घरकामासाठी आखाती देशांत पाठवता येत नाही. म्हणून तर एजंट व्हिजिट व्हिसाचा आडमार्ग धरतात. आपल्यापैकी कुणाच्या इमारतीत, ओळखीत अशी बाई दिसली, तर तिला आधी एवढेच विचारावे, की पासपोर्ट कुणाकडे आहे.

बीडच्या त्या बाईचा फोन मला दर गणपतीला येतो. परत गेल्यावर तिची उचल आम्ही पाच-सहा घरांनी मिळून फेडली. पण पैसे रोख मुकादमाच्या हाती दिले नाहीत. गावच्या शिक्षकांसमोर कागद करून, पावती घेऊन दिले. एवढे शहाणपण रमाबाई वाचून आले होते. ती फडावर गेली नाही. तालुक्याच्या गावी शिवणाचे यंत्र घेऊन बसली. थोरलीची शाळा सुटू द्यायची नाही, ही आमची एकच अट होती.

ती थोरली डीएमएलटी होऊन एका प्रयोगशाळेत कामाला आहे. गेल्या वर्षी तिला आखातातल्या नोकरीचा एक प्रस्ताव आला. तिने करारपत्राचे फोटो मला पाठवले. मी चष्मा शोधेपर्यंत तिचा दुसरा संदेश आला. पगाराचा आकडा तोंडी सांगितला त्यापेक्षा कागदावर कमी आहे आणि कामाच्या तासांपुढची जागा कोरी ठेवली आहे, हे तिने स्वतःच वाचून काढले होते. मी काही सांगण्याआधीच तिने एजंटला तो कागद सही न करता परत दिला होता.